पायात काही घालायचं नाही

आर्णी,
१४ ऑक्टोबर २०१७

चि. विक्की,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आईला, मथुराबाईंना, माझा नमस्कार सांग. तुझ्या डोळ्यांवर पट्टी आहे, म्हणून हे पत्र साधनाच वाचून दाखवेल. साधना बेटा, भावाला त्रास नको म्हणून मधलं काही गाळू नकोस.

इकडे शाळा सुरू आहे. लांब उडीच्या खड्ड्यात गवत माजलंय. उपटू का म्हणून शिपायानं विचारलं, तर मी त्याच्यावर उगाच खेकसलो. कपाशी यंदा माणसाच्या डोक्यावर गेली. तुझ्या उकंडामामांनी फवारणी सोडून दिली आहे. शेताकडे जातच नाहीत म्हणतात.

सर एकदाही यवतमाळला भेटायला आले नाहीत, असं तुला वाटत असेल. आलो होतो, मंगळवारी. वॉर्डाच्या दारातून तू दिसलास. साधना भरवत होती आणि तू हातानं ताट चाचपत होतास. पेनल्टी मारणाऱ्याचा पाय कुठे वळणार हे आधीच ओळखणारा माझा गोलकीपर! साधना म्हणाली, फरशी गार आहे, चप्पल घाल. तू म्हणालास, "दिवाळीनंतर चाचणी हाय, तवापर्यंत नाही घालत." ते ऐकून मी मागे फिरलो. पिशवीतली संत्री नर्सबाईंच्या टेबलावर ठेवली आणि तीनची एसटी धरली. मी भित्रा माणूस आहे.

मार्च महिन्यात साहित्याच्या खोलीच्या दारावर मी खडूनं पायऱ्या काढल्या होत्या, ते आठवतं? वाळूवरचा फुटबॉल. पाच जण, सगळे अनवाणी, बारा-बारा मिनिटांचे तीन डाव. समुद्र कुठे आहे सर, म्हणत बाकीची पोरं हसली. बारावी होऊन घरी बसलेला तू मात्र वर्ल्ड कपला कसं जातात ते विचारत राहिलास. जिल्ह्यातून राज्यात, राज्यातून देशाच्या संघात, मग आशियाची स्पर्धा, आणि सगळ्या आशियातून फक्त तीन संघ. तू बोटांवर मोजून म्हणालास, "म्हंजे चारच पायऱ्या, सर." मला फार बरं वाटलं होतं.

पाऊस लागेपर्यंत अरुणावतीच्या पात्रात सराव केला, नंतर लांब उडीच्या खड्ड्यात. तापल्या वाळूत तुझ्या तळव्यांना फोड यायचे. तळवे निबर व्हावेत म्हणून मीच नियम काढला. दिवाळीनंतरची मालवणची निवड चाचणी होईपर्यंत पायात काही घालायचं नाही. बाजारात नाही, शेतात नाही, कुठेच नाही.

आता ऐक. गणपती विसर्जनाच्या आदल्या दिवशी सदाशिवरावचा फोन आला होता. माझा कॉलेजचा मित्र, मालवणला चाचणी घेणारा तोच. म्हणाला, चाचणी रद्द. आपल्याकडे या खेळाची राष्ट्रीय स्पर्धाच होत नाही, देशाचा संघ कुठे पाठवायचं चाललेलं नाही, मग निवड कशासाठी करायची? दारावरच्या चार पायऱ्यांतली एकही खरी नव्हती, विक्की.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुला सांगायला मी मैदानावर आलो. तू माझ्या आधी येऊन, फावड्यानं खड्डा मोकळा करून उभा होतास. एकतीस वर्षं मी पोरांना सावधान-विश्राम शिकवलं. माझ्या आधी मैदानावर येणारा तू पहिलाच. अशा आणखी थोड्या सकाळी मिळाव्यात असं वाटलं, आणि मी गप्प बसलो. दुसरं काहीही कारण नाही.

त्यानंतर अठराव्या दिवशी तू मामांच्या शेतात फवारायला गेलास. नवरात्र लागलं होतं, अनवाणी फिरणारे पुष्कळ, म्हणून तुला कोणी टोकलं नाही. फक्त मामांनी टोकलं. ते मला बसस्टँडवर म्हणाले, "म्या त्याले गमबूट काढून देल्ले, सर. घाल बापा, औषध जहाल हाय म्हटलं. तं म्हणे, सरनं मना केलं."

दिवसभर तू त्या निथळत्या कपाशीतून उघड्या पायांनी फिरलास. डॉक्टर म्हणतात विष नाकातून गेलं, कातडीतून गेलं, तळव्यांतूनही गेलं. कुठून किती ते सांगता येत नाही. मला रोज रात्री तळवेच दिसतात.

गेल्या शुक्रवारी चौकशीचे साहेब गावात आले. त्यांनी लिहून घेतलं की मजूर स्वतःच्या हलगर्जीपणामुळे अनवाणी होता. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. माझ्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट होते.

आयुष्यात कधी उशिरा न आलेल्या पोराला हलगर्जी म्हणून लिहिलं गेलं, आणि ते मी लिहू दिलं. सोमवारी यवतमाळला येऊन साहेबांना लेखी देणार आहे, की मनाई माझी होती. त्याची सहीची प्रत सोबत जोडली आहे. मी पुन्हा भ्यालो, तर साधनानं ती स्वतः नेऊन द्यावी.

यानं तुझे डोळे येणार नाहीत. येतील असं मी म्हणत नाही. खोटी आशा तुला माझ्याकडून पुष्कळ मिळाली. मला माफ कर असंही लिहीत नाही.

चाचणी नाही, विक्की. दिवाळीनंतरही नाही, कधीच नव्हती. साधना आता पलंगाखालची चप्पल पुढे करेल. मी सांगितल्याशिवाय तू ती घालणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. म्हणून सांगतो. घाल.

तुझा अपराधी,
वामन
(पुढे 'सर' लिहायला हात धजत नाही.)