डेलनीच्या टीमविरुद्ध

३ मार्च
आजपासून भावनेला सुट्टी. कॉलेज बास्केटबॉलच्या अंदाज-बाजारात खातं उघडलं. सट्टा नव्हे. सट्टा माझा मेहुणा गस खेळतो, जर्सीचा रंग बघून. इथे प्रत्येक मॅचचे ‘जिंकेल’ आणि ‘नाही’ असे शेअर मिळतात. भाव लोकांच्या मतावर चढतो-उतरतो; अंदाज चुकला की शेअर शून्य. लोक मूर्ख, म्हणून भाव चुकीचे. मी तयार आहे.

४ मार्च
तीन शेअर घेतले, तिन्ही बुडाले. एकात रेफ्री आंधळा, दुसऱ्यात पोरांचे हात थरथरत होते. माझं गणित बरोबरच होतं. तिसऱ्याबद्दल लिहायला वेळ नाही.
लोरेन म्हणाली, "जन्मभर विमा विकलास, धोका कशाला म्हणतात ते कळू नये?" बायकोपुढे डोकं फोडण्यात अर्थ नाही.

५ मार्च
शनिवारी माझ्या लेकीच्या, डेलनीच्या कॉलेजची मॅच, हार्मन कॉलेजशी. हरले की सीझन खलास, आणि पोरीचं बास्केटबॉलही. शेवटचं वर्ष. चार वर्षं राखीव म्हणून बाकावर बसून टॉवेल देतेय. तरी अख्खं गाव ‘जिंकेल’ घेत सुटलंय. एकाला तरी अक्कल असावी! मी तटस्थ.

६ मार्च, संध्या. ७.१०
डेलनीचा फोन. "डॅड, कुणाला सांगू नकोस हं, टेसाचा घोटा गेला. आणि म्हणून परवा—"
टेसा म्हणजे निम्मी टीम! "बाळा, नंतर बोलू, महत्त्वाचं काम निघालंय," म्हणालो.
७.१४
होतं नव्हतं ते सगळं ‘नाही’वर लावलं. कुणाला सांगितलं मात्र नाही. शब्द पाळला.

७ मार्च
डेलनीचे दोन मिस्ड कॉल. उद्या भेटणारच आहोत. लोरेन उगाचच खूश. "तुला सांगितलं ना तिने?" "सगळं माहीत आहे," मी म्हणालो. "मग एवढा थंड कसा रे तू?" थंड डोकं हीच तर माझी ताकद.

८ मार्च, दुपारी, जिममध्ये
टीम जाहीर झाली. टेसाच्या जागी डेलनी.
एक खेळाडू गेली की दुसरी येणार, हे अख्ख्या बाजारात कुणाच्याच लक्षात येऊ नये?
गस नाचो सांडत किंचाळतोय. माणसं आहेत की मेंढरं!
हाफटाइम. डेलनीची टीम नऊ गुणांनी मागे. पोरीसाठी वाईट वाटतं. ‘नाही’चा भाव उत्तम.

९ मार्च
काल शेवटी चार सेकंद उरलेले, एका गुणाने मागे, डेलनीला दोन फ्री थ्रो. कोपर आत, मान सरळ. गॅरेजसमोर मीच शिकवलं होतं. सगळं जिम उभं. मी मनात म्हणालो, चुकव.
दोन्ही आत, एका गुणाने पुढे. नेमका तेव्हाच मोठ्या पडद्यावर मी: एकटा बसलेला, तोंड ओंजळीत.
बाहेर डेलनी गळ्यात पडली. "डॅड, रडलास तू! वेडा कुठला. सगळ्यांनी बघितलं." खिशातला फोन वाजला. मी काढला, लोरेनने वाचला: ‘तुमच्या शेअरची किंमत शून्य.’ तिने माझ्याकडे पाहिलं.
तो पडद्यावरचा फोटो डेलनीने आपल्या फोनवर लावलाय. चुकव म्हणालो होतो मी, माझ्याच पोरीला. लाज वाटते.
गुरुवारी पुढची मॅच. "येशील ना, डॅड?" तिने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत लोरेन म्हणाली, "येईल की. फोन घरी ठेवून."