परिपत्रकाचं दुसरं पान

वाशीम, ४ जुलै १९७७

चि. जानराव यास बाईचा जयभीम आनि आशीर्वाद.

आमी सारे खुशाल. परवा हेमसिंग सर सोता घरी आले. कॉलेजच्या कबड्डीचा येवढा मोठा कोच, पन खाटीवर बसून फुटक्या बशीनं चहा पेले. पुढच्या महिन्यात ते रिटायर होऊन राह्यले. त्याईच्या जागी प्रिन्सिपलले त्याईनं तुहंच नाव देलं. म्हने, सात वर्सं माह्या हाताखाली असिस्टंट होता, आता टीम त्याच्याच हाती शोभते. तुले कॉलेजचं पत्रही आलं म्हनतात. जवाब काहून नाही देला? तीन वर्सं झाले, ग्राउंडाकडे पाठ करून बसला. बाबाच्या दुखन्यापाई सोडलं होतं ना? बाबा तं आता पारावर बसून बिड्या फुकतात म्हनून तुही बायकोच लिहिते.

लोभ आटू देऊ नको.
तुही थोरली बहीन, रुख्मिणी बाई

मेडशी, ९ जुलै १९७७

ती. बाईस सादर जयभीम वि. वि.

पत्र पावले. तीन वर्षे नव्हे, दोन वर्षे, सात महिने, बावीस दिवस. माझा शेवटचा सामना १७ नोव्हेंबर १९७४ रोजी झाला. तारीख लिहावी तर नीट लिहावी. सध्या तण काढायला कपाशीला डवरे सुरू आहेत, एक बैल लंगडतो. शिवाय मी सातवी नापास. खेळ शिकलो तो पुस्तके वाचून आणि मातीत लोळून. कॉलेजला आता पदवीवाला माणूस हवा. सरांना माझा नकार तूच कळव.

भाऊजींना जयभीम. माया असू द्यावी.
जानराव

वाशीम, १४ जुलै १९७७

चि. जानराव यास आशीर्वाद.

लंगड्या बैलाचं नाव मले सांगू नको. लहानपनापासून तू खोटं बोलला की तारखा लिहितो. सर म्हनतात, दर नव्या पोराले ते तुही गोठ सांगतात, का आमच्या जानरावले पंचानं फसवलं. आनि तो पंच म्हंजे आपल्याच गल्लीतले पुंजाजी गुरुजी. जिथं उभे राह्यले तिथं पोरं वरडतात, पैसे खाल्लेला पंच आला. मानसानं शिटीच सोडून देली. आता सायंकाळी दार लावून घेतात. मले त्याईच्या बायकोच्या तोंडाकडे पाह्यवत नाही. तू वाघासारखा उभा राह्यला होता ना तवा? मंग आता काहून लपून राह्यला? खरं असन ते लिही.

रुख्मिणी

मेडशी, १९ जुलै १९७७

ती. बाईस सादर जयभीम.

तारखा घालत नाही. गुरुजींनी फसवले नाही.

अंतिम सामना बरोबरीत सुटला. गुरुजी म्हणाले, जादा वेळ खेळा. मी म्हणालो, पहिला गुण ज्याचा तो विजयी, आणि पहिला गुण आमचा. आदल्या वर्षीपर्यंत त्या स्पर्धेत तसेच होते. मी पोरांना मैदानात खाली बसवले. दहा मिनिटे गुरुजी विनवत राहिले, मग त्यांनी समोरच्यांना विजयी केले. मी सर्वांदेखत त्यांना विकलेला म्हणालो. सरांनी, जानरावचा नियम चुकत नाही, एवढ्या शब्दावर विद्यापीठाशी भांडण घेतले आणि शेवटी, कोणी नियम न तपासताच, शिस्तभंगाची लेखी माफी मागितली.

स्पर्धेचे परिपत्रक महिनाभर आधी माझ्याच नावाने आले होते. मी पहिले पान वाचले, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चार चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि ठेवून दिले. जादा वेळेचा बदल दुसऱ्या पानावर होता. सामन्यानंतर चौथ्या दिवशी तो वाचला. बाबांचे दुखणे त्याच दिवशी मला सुचले.

आपल्या वस्तीतला माणूस कोटवाल्यांना नियम शिकवतो, याचा मला फार ताठा होता. बाई, ताठा मोडेल म्हणून मी एका माणसाचे नाव बुडू दिले. हे सरांना तू सांग. माझ्याने होणार नाही.

जानराव

वाशीम, २३ जुलै १९७७

जानराव,

मी नाही सांगत. तवा तोंड तुहं होतं, आताही तुहंच लागन. सरले म्या इतकंच सांगतलं का सोमवारी धा वाजताच्या एष्टीनं तू येऊन राह्यला. जेवन करून ठेवीन. आधी सरच्या घरी जाय, मंग जेवाले ये.

बाई

मेडशी, २९ जुलै १९७७

ती. बाईस सादर जयभीम.

सोमवारी जेवायला न येता परस्पर परतलो, रागावू नये.

सरांनी सारे ऐकले. चपला घालून थेट गुरुजींच्या दारात नेले. मी पाया पडलो. गुरुजी म्हणाले, ते परिपत्रक त्यांनीच लिहिले होते. मी ते पुरते वाचले नाही हे त्यांना सामन्याच्याच दिवशी कळले होते. पण हे त्यांनी सांगितले असते तर स्वतःच्याच कागदाने पंच स्वतःला वाचवतो असेच लोक म्हणाले असते. म्हणून आज येईल, उद्या येईल, अशी माझी वाट पाहिली. चहा मिळाला, पण शिटी पुन्हा धरण्याबद्दल ते हो म्हणाले नाहीत. सरांचे म्हणणे, जोवर गुरुजी मैदानावर येत नाहीत तोवर ते माझी शिफारस करणार नाहीत. मला ते रास्त वाटते. प्राचार्यांना मी सगळे कारण लिहून दिले आहे.

संध्याकाळी कॉलेजच्या टीमच्या पोरांसमोर उभा राहून सांगितले. पंजाब नावाच्या कप्तानाने विचारले, की मंग सर, आता आमी शिव्या कोनाले द्यायच्या. मी म्हणालो, मला. आणि हात मागे बांधून उभा राहिलो. बाई, एकानेही दिली नाही. माना खाली घालून पोरे मैदानावर पाणी मारायला निघून गेली.

मी मात्र बराच वेळ तसाच उभा होतो.

तुझी माया उरली असेल तेवढी राहू दे.
जानराव