दाराशी टेकलेला खराटा

सोमवार, ९ जून
अखेर वानप्रस्थाश्रम सुरू झाला. फरक एवढाच की शास्त्रात वनात जाताना नातवंडं बरोबर न्यावीत असं कुठे म्हटलेलं नाही. पिहला नऊ वर्षांची, ओइवा साडेपाचचा. माझ्या लेकीने, हेल्काने, आम्हाला बोटीने बेटावर सोडलं आणि माझा फोन मागून घेतला. मुलांना दोन आठवडे फोन-टीव्हीचा पडदा नको म्हणून मीच भाषण ठोकलं होतं. मग आजोबांनाही नियम लागू, म्हणाली. २२ तारखेच्या रविवारी न्यायला येईल.

हे लाकडी घर माझ्या बायकोच्या माहेरचं. सरोवरातलं एवढंसं बेट, एक खोली, एक सौना (तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची कोठडी), एक धक्का, एक वल्ह्यांची नाव. सिर्का जिवंत होती तोवर मी इकडे फिरकलो नाही. दर उन्हाळ्यात माझी कुठे ना कुठे संस्कृतची परिषद निघायची. परिषद नसली तर काढायचो, असं तिचं म्हणणं होतं. ती जाऊन दीड वर्ष झालं. आता घराची डागडुजी करून प्रायश्चित्त घ्यायचं ठरवलं आहे.

दाराशी खराटा टेकून ठेवलेला होता, काड्या खाली करून. ओइवाने विचारलं, हा कशाला? घरात कोणी नाही ही त्याची खूण, असं मी सांगितलं. इकडे कुलूप कुणी लावत नाही. खराटा दिसला की चोरसुद्धा उंबरा ओलांडत नाही. तो हलवायचा फक्त घरच्या माणसाने. मग तुम्ही नका हलवू, असं पिहलाने मला बजावलं. आजी इथली, म्हणून आम्ही इथले, तुम्ही नुसते जावई. संस्कृतात जावयाला दहावा ग्रह म्हणतात, हे मी तिला सांगितलं नाही. खराटा तिनेच उचलला.

मंगळवार, १० जून
छप्पर दोन ठिकाणी गळतं. पायरी कुजली आहे. लाकूड कुठून आणावं या विवंचनेत असताना धक्क्याजवळचा पाइन दिसला. उभ्या उभ्या वाळून चांदीसारखा झालेला, खालच्या फांद्या कोणीतरी तासून टाकलेल्या, आणि घरातून सरोवर दिसू नये असा नेमका मध्ये उभा. पाडला. चार तास लागले. पिहलाने सल्ले दिले, ओइवाने टाळ्या वाजवल्या.

खोडावर अक्षरं कोरलेली होती. ज. क. १८९७. अ. क. १९१८. अशी अकरा. जन्मभर शिलालेख वाचलेला माणूस मी. हे उतावळ्या प्रेमिकांचं काम, असा निर्णय देऊन मोकळा झालो. त्याच खोडाच्या फळ्यांची नवी पायरी केली. झकास झाली आहे. सिर्काने पाहिली असती तर वाकडी आहे म्हणाली असती.

गुरुवार, १२ जून
कौको आला. हा सिर्काचा धाकटा भाऊ, पलीकडच्या किनाऱ्यावर राहतो आणि दर गुरुवारी मोटारबोटीने दूध, बटाटे आणून देणार आहे. बुंधा पाहिला आणि बोटीतून उतरलाच नाही.

मग सांगू लागला. तो माणूस दहा शब्दांच्या वर जात नाही, आज शंभर बोलला असेल. घरातलं माणूस गेलं की चर्चच्या दफनभूमीकडे नेताना त्या झाडाची एक फांदी तोडायची आणि खोडावर नाव कोरायचं. मेलेला माणूस घराच्या ओढीने परत येतो, इथवर पोहोचतो, आपलं नाव वाचतो, आपण मेलोय हे त्याला आठवतं आणि तो मागे फिरतो. आता त्यांनी थांबायचं कुठं, दाजी? असं मलाच विचारत होता.

मी म्हटलं, सासरची मंडळी मी तीस वर्षं जिवंतपणी सोसली, आता काय नवीन करणार?

तो हसला नाही. म्हणाला, आलेले एकटे परत जात नाहीत. सोबत नेतात. घरातलं सगळ्यात धाकटं नेतात. पोरं माझ्याकडे द्या.

माझी नातवंडं आहेत, मी समर्थ आहे, असं काहीसं मी बोललो. चांगलं, भारदस्त वाक्य होतं. निघताना त्याने ओइवाकडे पाहिलं आणि प्रेतयात्रा जाताना काढतात तशी टोपी काढली. मला ते आवडलं नाही.

शनिवार, १४ जून
सौना तापवली. मुलं सरोवरात डुंबून आली, सॉसेज भाजून खाल्ले, ओइवाने एकट्याने चार. फार सुंदर दिवस गेला. हे नीट लिहून ठेवतो आहे.

संध्याकाळी सहाला, ऊन लख्ख असताना, आम्ही तिघे बाहेर कट्ट्यावर बसलो होतो. आत सौनात तापलेल्या दगडांवर कोणीतरी पाणी टाकल्याचा आवाज आला. मग पुन्हा. मग बऱ्याच जणांनी मिळून सोडावा तसा सुस्कारा.

पिहलाने माझ्याकडे पाहिलं. दगड निवताना असे आवाज करतात, असं मी सांगितलं.

रविवार, १५ जून
आमची वल्ह्यांची नाव सकाळी धक्क्याला नव्हती. दुपारी दिसली. चर्चच्या किनाऱ्याकडून येत होती, सरळ आमच्या दिशेने. वारा नव्हता. नावेत कोणी नव्हतं. पण नाव पाण्यात खोल बसली होती, आठ-दहा माणसं भरावीत इतकी.

धक्क्याला लागली आणि हळूहळू, एकेका हिसक्याने, वर आली.

सोमवार, १६ जून
नवी पायरी करकरते. मी आत असतो, मुलं आत असतात, आणि पायरी करकरते.

जेवताना ओइवा बाकावर टोकाला सरकून बसला. नीट बस म्हटलं, तर म्हणाला, जागा नाहीये आजोबा, आजींना बसायचंय. कोणत्या आजी? नाव माहीत नाही, खूप म्हाताऱ्या आहेत, हात गार आहेत. त्यांनी त्याला विचारलं म्हणे, घरात सगळ्यात धाकटा कोण?

आणि तू काय सांगितलंस, हे मी विचारलं. त्याने अभिमानाने सांगितलं, मी.

मंगळवार, १७ जून
निघायचं ठरवलं. सामान नको, काही नको. मुलांना घेऊन धक्क्यावर गेलो. ओइवाने नावेत एक पाय ठेवला आणि नाव काठापर्यंत बुडाली. साडेपाच वर्षांचं पोर, सतरा किलो. त्याला ओढून घेतलं. नाव तशीच राहिली, काठोकाठ. वाट बघत असल्यासारखी.

पोहून जाता येईल इतका किनारा जवळ नाही. मला तर पोहताच येत नाही. सिर्का दर वर्षी शिकवते म्हणायची आणि माझी परिषद निघायची.

परत येताना दाराशी पिहला बाजूला सरली. कोणालातरी आधी आत जाऊ द्यावं तशी.

बुधवार, १८ जून
एक सुचलं. ती जुनी माणसं आहेत. रीतीची माणसं आहेत. ती सगळी बाहेर सौनाकडे गेली आहेत असं ओइवाने सांगितलं, तेव्हा घाईने खराटा दाराला बाहेरून टेकवला आणि खिडकीतून आत आलो.

घरात कोणी नाही.

पायरी वाजली. थांबली. बराच वेळ. मग पावलं मागे गेली.

मुलं दोन दिवसांत पहिल्यांदा झोपली, भर दुपारी. मी त्यांच्याकडे बघत बसलो. पोथ्यांनी नाही, खराट्याने वाचवलं. हसू आलं, पण आवाज न करता हसलो.

गुरुवार, १९ जून
कौको. आज गुरुवार हे मी कसं विसरलो—

मोटारबोटीचा आवाज ऐकला आणि खिडकी उघडून ओरडलो. मुलंही ओरडली. तो वर आला, दारापाशी आला, माझ्यापासून चार हात. खराट्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे, थेट माझ्याकडे पाहिलं, आणि रिकाम्या घराकडे बघतात तसं बघत राहिला. पोरं घेऊन गेले वाटतं, बरं झालं, असं स्वतःशीच पुटपुटला. सुटकेचा श्वास सोडला. दुधाची बरणी पायरीवर ठेवली.

खराटा ढकलला असता तर त्याने पाहिलं असतं. पण त्याच्या मागे सगळ्या खडकावर ती बसली आहेत, ओइवा मोजून दाखवत होता. दाराला हात लावला आणि काढला. पुन्हा लावला. तोवर बोट सुरू झाली.

दूध अजून तिथेच आहे.

शुक्रवार, २० जून
पाव संपला. आज मध्य-उन्हाळ्याचा सण, पलीकडून अकॉर्डियन ऐकू येतं.

ती आत येत नाहीत. रीत पाळतात. मग जात का नाहीत? ओइवाला विचारलं. तो म्हणाला, हे घर आता ज्यांचं आहे त्या बाईंची वाट बघतायत, खराटा त्याच काढणार. त्या लांबून चालत येतायत.

सिर्का हेलसिंकीला पुरली आहे. साडेतीनशे किलोमीटर. तिच्या नावाचीही फांदी तोडू या, असं कौको तेव्हा म्हणाला होता. मी म्हटलं होतं, एकविसाव्या शतकात ये. तिचं नाव कुठेच कोरलेलं नाही. झाड असतं तरी ती थांबली नसती. तिला माहीतच नाही की ती—

शनिवार, २१ जून
दुपार. ऊन. पिहला खिडकीशी. म्हणते निळा स्वेटर. तो मीच घातला होता तिला, शेवटचा.

पायरी. एक पाऊल जड, एक हलकं. सिर्काचा गुडघा.

हसते आहे. म्हणाली, खराटा असा टेकवतात होय, काड्या वर करून? तुला इतक्या वर्षांत एवढंही आलं नाही. पायरी पण वाकडी.

आवाज तोच आहे. मला उठावंसं वाटतं आहे. उठत नाही. ओइवाला मांडीवर धरला आहे, डाव्या हाताने. तो आजी आजी म्हणत हात सोडवतो आहे. पिहला दाराशी गेली. मी बोलावलं. वळली नाही.

खराटा उचलल्याचा आवाज.

हेल्का, उद्या येशील. तुझी आई निघताना खराटा नेहमी जागच्या जागी ठेवून जायची, काड्या खाली करून. उद्या दाराशी तो तसा दिसला तर आत शोधू नकोस, आम्ही तिच्याबरोबर—