उजवा कौल

१६ जानेवारी, गुरुवार

साखळी तोडली! काल, भरदुपारी. बुधवार होता. गाव सगळं खाली बाजाराला गेलेलं. एक पोकलेन आणि नऊ डंपर सड्यावर, गावावरच्या कातळपठारावर, चढले, पूर्वेची कड खरवडून बॉक्साइट भरून गेले. जाताना झऱ्याचं तोंड बुजलं. आज नळाला लाल गाळ.

पंचनामा करून आले. कंपनीचा परवाना संपून चौदा महिने झाले, हे मी तलाठी म्हणून दर पंचनाम्यात लिहिते. हा सहावा. वरून उत्तर येत नाही. म्हणून गावानं समिती केली, सड्याच्या रस्त्यावर साखळी लावली, पहारा बसवला. तेही बेकायदाच. तेही मी लिहिते.

टेपाचं दुसरं टोक समितीचे अध्यक्ष बाळासो यांनी धरलं होतं. म्हणाले, "तुमी मोजा मॅडम. बाकीचं आमी बघतो. बुधवारी साखळीवर कोण नसतंय, हे भायेरच्याला कसं कळंल? आतल्याचं काम हाय हे."

१८ जानेवारी, शनिवार

नाव ठरलं — गुंडू. पाण्याचा टँकर चालवतो. गेल्या वर्षापर्यंत कंपनीचा डंपर चालवायचा, आणि बुधवारी बाजाराला गेला नव्हता. एवढं पुरलं.

मी विचारलं, पुरावा काय?

बाळासो हसले. "पुरावा तुमच्या कोर्टाला लागतोय. आमी कौल लावणार."

२० जानेवारी, सोमवार

देवीच्या देवळात सगळं गाव. गणपतराव गुरवांनी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं, "आई, गुंडूनं गाव विकलं आसंल, तर उजवा दे."

गुंडू पुढ्यात हात जोडून उभा. भ्यायलेला नव्हता. मला म्हणाला, "आई खरं तेच देणार."

वीसेक मिनिटं गेली.

उजवी पडली.

गुंडूनं पाकळीकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे.

२१ जानेवारी, मंगळवार

त्याच्या घराची कौलं उतरवली.

पंचवीस-तीस माणसं, हातातून हातात. एकही फुटलं नाही. देवळामागे नीट रचून ठेवली. घर शाकारायला जमावीत तशी जमली होती, थट्टासुद्धा तीच. "गुंड्या, वारं लागतंय न्हवं?" कुणीतरी ओरडलं, "कौल लागला, कौलं गेली!" सगळे हसले. एम.ए.ला श्लेषाची किती उदाहरणं पाठ केली होती मी.

त्याची म्हातारी आई, बाळाबाई, उघड्या वाशांखाली चुलीवर परात पालथी घालून बसली होती. वरून धूळ पडत होती.

पोलिसांना फोन केला. "तक्रारदार कोण?"

गुंडूकडे गेले. म्हटलं, तक्रार दे, हा गुन्हा आहे, मी साक्ष देते.

"कुणाइरुद्ध मॅडम? आईइरुद्ध?"

मग, हळू — "मी कुठं बोलून गेलो आसंन का वो? दारूत, न्हाईतर झोपंत?"

निघून आले.

२३ जानेवारी, गुरुवार

बसवत नाही. सडा तीनदा फिरून आले. काहीतरी विसरलेय.

२४ जानेवारी, शुक्रवार

सापडलं.

सात तारखेचा माझा अहवाल. तालुक्यानं मागवला होता. मुद्दा चार — "बुधवारी आठवडी बाजार असल्याने दुपारी अकरा ते तीन साखळीवर पहारा नसतो." कुणी विचारलं नव्हतं! अहवाल पूर्ण वाटावा म्हणून लिहिलं. वाक्य नेटकं उतरलं म्हणून बरं वाटलं होतं, तेही आठवतं.

तालुक्याच्या साहेबांना फोन केला. अहवाल कंपनीकडे कसा गेला?

"गेला असं कुठं आहे?"

मग, "मॅडम, नवीन आहात. अहवाल गोपनीय असतो. तुम्हीसुद्धा वाचू नका आता."

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. बाळासोंचं भाषण — कायदा, संविधान. टाळ्या. मीही वाजवल्या.

२७ जानेवारी, सोमवार

समितीचा निरोप गेला : गुंडूनं शुक्रवारपर्यंत गाव सोडायचं.

मी माझी ताडपत्री घेऊन त्यांच्याकडे गेले. बाळाबाईची घागर नळाच्या रांगेतून बाहेर काढतात. ती डोहावरून पाणी आणते, खोकते. गुंडू कागलला काम बघतो म्हणाला. ती ऐकेना. "गेलो तर कबूल केल्यागत हुतंय. म्या न्हाय जायाची."

मीच तक्रार दिली तर? चौकशी होईल, अहवाल निघेल. नोकरी जाईल. राहते ती खोलीही बाळासोंचीच. कौलारू.

हे सगळं मी चार दिवस हिशोबात धरतेय. तिकडे म्हातारी थंडीत.

२९ जानेवारी, बुधवार

बाजार. आज साखळीवर बारा माणसं. डंपर आले नाहीत. गाव मोडायला त्यांना आता यायची गरज नाही.

३० जानेवारी, गुरुवार

सांगितलं!

देवळात समितीची बैठक होती. उभी राहिले, मुद्दा चार वाचून दाखवला. तारीख, शिक्का, सही. म्हटलं, गुंडूनं नाही, मी सांगितलं. ही माझी चूक.

मग बाळासो, "आमच्या तलाठी बाई लई मऊ काळजाच्या! गुंड्यापायी सोत्तावर घ्याय लागल्या."

हशा. मी कागद पुढे केला. कुणी हातात घेईना. गणपतराव म्हणाले, "कागूद मानसानं लिवल्याला हाय बाई. कौल आईचा."

मी म्हणतच राहिले — मी केलं, मी केलं.

मागून कुणीतरी, "मग लावा की कौल! मॅडमचा लावा."

उद्या सकाळी, आठ वाजता.

३१ जानेवारी, शुक्रवार

डावा पडला. मी केलेलं नाही.

मुदतीप्रमाणे दुपारी टेम्पो आला. बाळाबाई पुढे, मांडीवर चुलीची परात. गुंडू मुद्दाम उतरून आला, हात जोडून म्हणाला, "बरं झालं मॅडम. तुमी न्हाय, हे कळलं."

पाकळी पडली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.