घागरीखालचं कडं

८ जुलै १९५८, मंगळवार

पटकीनं आज तिसरं माणूस नेलं — पाटलांचा नातू! परवापर्यंत आमच्या दारावरून चाक पळवत जायचा. पाणी उकळून प्या म्हणून मी त्यांच्या घरी सांगून आले होते. ऐकतंय कोण!

संध्याकाळी नारायणराव पाटील स्वतः आमच्या अंगणात. पाटील, आणि आमच्या अंगणात! रोग गावाबाहेर जावा म्हणून शुक्रवारी मरीआईचा गाडा शिवेबाहेर सोडायचा ठरलाय. गाड्यापुढं हलगी लागते, आणि हलगीचा मान आमच्या घराचा. मान म्हणे! विहिरीवर आमचा हात चालत नाही, मान मात्र चालतो. मामंजींनी ख्रिस्त पत्करल्यापासून शेजारच्या गावचा वाजवणारा यायचा. आता त्या गावानं रोगाच्या भीतीनं वाटच बंद केलीय.

"बब्रुवान, तुझा देव तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे," पाटील ह्यांना म्हणाले. "एक डाव वाजव. गाव मराया लागलंय." डोळे रडून सुजलेले. मला त्यांचा राग धरता येईना.

हे मान खाली घालून दोर वळत राहिले.

९ जुलै

सासूबाईंना म्हटलं, मामंजींचं सांगा ना ह्यांना. त्यांना, धुरपदाबाईंना, ते सांगायचा कधी कंटाळा नाही. अशाच पटकीत, हे अगदी लहान असताना, गावानं मामंजींना, दगडोबांना, गाड्यापुढं बोलावलं होतं. त्यांनी सुरी घेऊन स्वतःच्या हलगीचं कातडं कापून टाकलं. म्हणाले, आता वाजवणार न्हाय. मग त्याच आठवड्यात तापानं गेले. हलगीचं नुसतं कडं उरलं. ते आमच्या घागरीखाली असतं. पाणी घेताना रोज हात लागतो, आणि मला दरवेळी बळ येतं — खरंच येतं.

"त्ये म्हातारं येगळं व्हतं," हे म्हणाले आणि उठून गेले.

मी चिडले. भांडी आपटली. बापानं एवढं सोसलं ते ह्यासाठी? पण भीती मलाही वाटते. पानावर लिहायला काय हरकत आहे.

१० जुलै

हे वाजवायला हो म्हणेपर्यंत आमच्या घागरीत कुणी पाणी ओतायचं नाही असं आजपासून ठरलंय. रिकामी घागर घेऊन परत आले. बायका नजर चुकवत होत्या.

ओढ्यापलीकडची चन्नम्मा पदराखाली कळशी झाकून आली. देव तिचं भलं करो! "अव्वा, उद्या दार लावून बसा," सासूबाईंना म्हणाली. "पोरं पिऊन बसल्यात, लई वंगाळ बोलायलीत."

नळदुर्गच्या पाळकसाहेबांना निरोप धाडावा म्हटलं, तर एस.टी. फाट्यावर थांबायलाच तयार नाही.

हे जेवले नाहीत. घागरीकडं बघत बसले होते. काय मनात आहे, विचारायचा धीर झाला नाही.

११ जुलै, शुक्रवार

घागर कलंडलीय. खालचं कडं नाही! हेही नाहीत!

कातडं चढवायला नेलं असणार, दुसरं काय. बापाच्याच कड्यावर! सासूबाईंना सांगितलं तर त्या चुलीपुढून हलल्याही नाहीत. "प्रभू, त्येला धर," एवढंच पुन्हा पुन्हा.

दुपारी — गाडा निघाला. चाकं करकरताहेत, माणसांचा गलका चाललाय. कान देऊन बसलेय. हलगी नाही. अजून नाही. आनंद मानावा की घाबरावं तेच कळत नाही.

आता गलका वाढला. कुणीतरी ओरडलं. मग एकदम सगळं गप्प.

चन्नम्मा आली नाही. हेही आले नाहीत.

१२ जुलै

उजाडता उजाडता चाकांची करकर आमच्या दाराशी येऊन थांबली. शिवेबाहेर गेलेला गाडा कधी परत गावात आणत नाहीत. तो आमच्या दारात सोडून माणसं निघून गेली. त्यात निंबाच्या डहाळ्यांवर हे! डोकं फुटलेलं, एक हात भलताच वाकलेला. दुसऱ्या हातात ते कडं — रिकामंच, कातडं नाहीच. श्वास आहे. "वाजवली न्हाय," एवढंच बोलले.

सासूबाई रडल्या नाहीत. मुठीतलं कडं सोडवून घेतलं, धुतलं, घागरीखाली ठेवलं.

"पाणी तापव, शामला," म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यालाबी असंच आणून टाकलं व्हतं. ह्येच्या मनात गावाचा राग ऱ्हाऊ ने म्हून लपवलं म्या. ताप न्हवता त्यो."