समोरच्या आजींचा फोटो

ती. आईस,
तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवतो. बाबांचे गुडघे कसे आहेत?

फोटोग्राफीच्या वर्गात माझं कौतुक झालं, पण सांगताना मान खाली जाते. गेल्या आठवड्यात समोरच्या घराचं छत कोसळलं. तिथल्या आजी एकट्याच सामान बाहेर काढत होत्या. कपाट त्यांना पेलवत नव्हतं आणि मी खिडकीतून फोटो काढत राहिलो. उजेड फार सुंदर पडला होता गं.

सर म्हणाले, "आता तुझी नजर तयार झाली. हा प्रदर्शनात लावू." मी हुरळून आजींना विचारायला गेलो. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला.

"छान आलाय. तू कुठे होतास?"

"समोरच, खिडकीत."

"इतक्या जवळ?" मग हळूच म्हणाल्या, "लाव हो, बाळा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फोटो प्रदर्शनातून मागे घेतला. "चालून आलेली संधी लाथाडलीस," म्हणून सर अजून बोलत नाहीत.

काल आजींचं कपाट त्यांच्या नव्या खोलीत पोचवलं. दमून बसलो तेव्हा त्याच म्हणाल्या, "आता काढ." माझे हात थरथरत होते. फोटो हलला, पण आजी त्यात खळखळून हसतायत. तो सोबत पाठवतोय. तुला आवडला का, खरं सांग.

बाबांना मात्र एवढंच सांग, वर्ग नीट चाललाय.

तुझा,
धाकटा