अठरा दिवसांत महाबळेश्वर, एकटीने

१६ नोव्हेंबर, रविवार

...मग मी चुलीत जळण सारायची, तोवर हे अंगणात सडा मारून, सायकल पुसून, कालचाच पेपर मोठ्यानं वाचत बसायचे. भाकरी थापता थापता मी ऐकायची. सातवीत शाळा सुटलेली बाई मी, पण वाचायची गोडी लागली ती तिथून. साधीच सकाळ ती, तारीखसुद्धा आठवत नाही. आज सॅक भरताना आठवली. ह्यांना जाऊन दोन वर्षं होत आली. असो.

ठराव लिहून ठेवते. उद्या पन्हाळ्यावरून निघायचं आणि डोंगराडोंगरानं महाबळेश्वर गाठायचं. दोनशे पंधरा किलोमीटर, अठरा दिवस, रोज बारा. एकटीनं. मुलाशी, प्रसेनजीतशी, पैज ठरली आहे. पोचले तर गडमुडशिंगीच्या घरात मी एकटी राहणार, पुन्हा विषय काढायचा नाही. नाही पोचले तर घराला कुलूप आणि मी पुण्याला त्याच्याकडे. तो हसून हो म्हणाला. सूनबाई अक्षता हसली नाही. तिनं माझ्यासाठी खोली रंगवायलासुद्धा काढली आहे. रंग फुकट जाणार बिचारीचा.

सॅक साडेनऊ किलो. त्यात लायब्ररीतलं एक जाड पुस्तक. त्यातली परदेशी बाई तीन महिने डोंगरात एकटी चालते. तिला जमतं. मी तर रोज गिरणीपर्यंत चालते.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९

निघाले! नवे बूट. शेजारची शालूबाई एसटीनं पन्हाळ्यापर्यंत सोडायला आली. तिथं मोठ्यानं म्हणाली, "मीने, गुडघं तुझंच हाईत न्हवं? का कुणाचं मागून आणल्यास?" लोक वळून बघायला लागले. मी लक्ष दिलं नाही. झपाझप निघाले. चुकीच्या बाजूला. मग बरोबर बाजूला.

संध्याकाळी ५. म्हाळुंगे

चार किलोमीटर. हे कमी नाही. पहिल्या दिवशी शरीराला ओळख करून द्यायची असते, पुस्तकात आहे. झालं असं की नळावर एका बाईनं विचारलं, "कुठल्या पावणं?" मी जयभीम घातला, गाव सांगितलं, माहेर गडहिंग्लज सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. चिमणाबाई. माझ्या थोरल्या वहिनीची सख्खी मामेबहीण निघाली. म्हणाली, "पावणी दारावरनं तशीच गेली तर अक्का मला जित्ती ठेवंल व्हय?" लगेच कोंबडं कापलं. पांढरा रस्सा तीन वाट्या. नाही म्हणणं शोभलं नसतं.

ठराव: उद्यापासून कुणालाही माहेर सांगायचं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

माहेर सांगितलं नाही. सासर सांगितलं. त्यावरूनही नातं निघालं.

पण आज मसाईचं पठार पार केलं! सात किलोमीटर! वारा असा की पदर पुढे आणि मी मागे. एकटीच मोठ्यानं हसले. पठारावर मेंढरं राखणाऱ्या एका बाबांनी विचारलं, कुणीकडं? महाबळेश्वर म्हटल्यावर म्हणाले, "एसटी बंद हाय काय?"

कुंभारवाडीत मुक्काम, आण्णांच्या घरी. आण्णा म्हणजे, आजच निघालेल्या नात्यानं, माझे चुलतदीर. पायाला तीन फोड. ते मोठ्या चालणाऱ्यांना येतातच.

१९ नोव्हेंबर, बुधवार

विश्रांतीचा दिवस. पुस्तकातली बाईपण घेते. (ती दहाव्या दिवशी घेते, पण ती तरुण आहे.)

आण्णांकडे भाताची झोडणी होती. खाल्ल्या घरचं काम करू नये का? कमरेला फोन बांधून दिवसभर खळ्यात वावरले. संध्याकाळी पावलं मोजायच्या ॲपमध्ये नऊ किलोमीटर! पाऊल ते पाऊल, ते डोंगरात टाकलं का खळ्यात, ॲपला काय त्याचं? प्रसेनजीतला फोटो पाठवला. त्याचा मेसेज आला, "आई, मॅपवर तू सकाळपासून एकाच अंगणात गोल फिरतेयस." मी लिहिलं, इथं नेटवर्क खराब आहे.

आण्णांनी विचारलं, महाबळेश्वरात हाय काय? मी म्हटलं, थंड हवा. म्हणाले, "मग हितं काय आमी भट्टी लावलीया?"

२० नोव्हेंबर, गुरुवार

तीन किलोमीटर. खोतवाडी. कारण सबळ आहे: कोंबडा.

निघताना आण्णांच्या बायकोनं पाय बांधलेला तांबडा कोंबडा काखेत दिला. सूनबाईला करून घाला म्हणाली. परत कसा करणार? कोंबडा घेऊन चढ चढणं पुस्तकात कुठंच नाही. तो दर दहा पावलांना ओरडतो आणि मी दचकून थांबते. वाटेत पुण्याची चार पोरं ट्रेकिंगला चालली होती. त्यांनी माझा फोटो काढला आणि विचारलं, काकू, हा पण ट्रेकर का? मी म्हटलं, हो, गाईड आहे.

दुपारी खोतवाडीत पाणी मागायला एका दारात उभी राहिले. पाण्याबरोबर गूळ आला, गुळामागून जेवण. सॅकमध्ये आणखी दोन किलो तांदूळ, एक बाटली काकवी.

ठराव: उद्यापासून पाणीसुद्धा ओढ्याचंच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कोंबडा सुटून पळाला. त्याच्या मागे धावले ते अंतर धरलेलं नाही.

धरलेलं अंतर तीन. हिशोब मांडला. पाच दिवसांत सतरा झाले. तेरा दिवसांत एकशे अठ्ठ्याण्णव राहिले, रोज सव्वापंधरा. म्हणजे जवळजवळ पंधराच. सॅक चौदा किलो. मला लोक पुढं जाऊच देत नाहीत, एवढी एकच अडचण आहे. माणसांची वस्ती संपली की मी सुटले. उद्या वस्ती संपते. आज ज्ञानूच्या घरी आहे. रानाच्या अलीकडचं हे शेवटचं घर. ज्ञानू म्हणाला, "मावशी, पुढं आठ-नऊ किलोमीटर कोण न्हाय बघा." मी म्हटलं, तेच तर पाहिजे!

२२ नोव्हेंबर, शनिवार

पहाटे निघाले. दोन तासांत चार किलोमीटर. पाय हलके, चढ सोपा. कुणी हाक मारली नाही. खाली सगळी दरी धुक्यानं भरलेली. मी टाळ्या वाजवल्या. आज पंधरा नक्की.

अकराला जांभळीखाली जेवायला बसले. भाकरी, खर्डा, कांदा. घास मोडला आणि तसाच हातात राहिला. तासभर तशीच बसले.

मग उठले आणि आले त्या वाटेनं परत चार किलोमीटर चालले.

ज्ञानूची आई दारातच होती. विचारलं, "काय ऱ्हायलं व्हय?" मी म्हटलं, जेवायचं राहिलंय. ती माझ्या फडक्याकडं बघत म्हणाली, "भाकरी तर हातात हाय की." मग आत गेली आणि दोन ताटं घेऊन आली.

आता खरं लिहिते. मला कुणी अडवलं नव्हतं. एकाही दारातून कुणी हात धरून आत ओढलं नाही. प्रत्येक ठिकाणी मी आपणहून थांबले, जेवणाची वेळ बघून. घरी दोन वर्षं मी ओट्यापाशी उभी राहून खाते, दार उघडं ठेवून. वाटेनं कुणी गेलं तर हाक मारते, या जेवायला. प्रसेनजीतला वाटतं मी घसरून पडेन. तसं काही नाही. गुडघे चांगले आहेत.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी प्रसेनजीतला फोन करून हरले म्हणून सांगितलं. तो तीनला गाडी घेऊन आला. आम्ही समोरासमोर बसून जेवलो. मग मी सॅक मागच्या सीटवर टाकली आणि गाडीत बसले.